मामाची उजवी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. पुढे चहा तोंडात असताना हसलात तर शर्टाची जबाबदारी माझी नाही. माझी ही फजिती आमच्या वडसा गावात आता पानठेल्यावर सांगतात, आणि सांगणारे तिच्यात मगर घालतात. मगर नव्हती. म्हशी होत्या. बदनामी व्हायचीच आहे तर निदान अचूक व्हावी, म्हणून म्हटलं आपणच सांगावी.

तर मी प्रॉम्प्टर. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी नाटकं लागतात, आणि मी रंगमंचाच्या अगदी पुढ्यात, पेटीवाल्याच्या शेजारी, प्रेक्षकांकडे पाठ आणि नटांकडे तोंड करून बसतो. नट अडखळला की वाक्य पुरवायचं. नुसतं वाक्य नाही हो! नवा नट असला की कुठे जायचं तेही पुरवावं लागतं. 'उजवीकडे सरक', 'डावीकडून निघ'. आता तो माझ्याकडे तोंड करून उभा. म्हणजे माझी डावी ती त्याची उजवी. उभी हयात हेच केल्यावर डोक्यात असं पक्कं बसलंय की, मला डावीकडे दिसलेली गोष्ट तोंडातून 'उजवी' म्हणूनच बाहेर पडते. विचार करावाच लागत नाही.

हे तेवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर एवढं सगळं झालं.

माझी एक भाची आहे, सुजाता. ब्रह्मपुरीला बँकेत नोकरी करते. जन्मापासून दिसत नाही, आणि त्याची सगळी कसर तिने जिभेने भरून काढलेली आहे. लहानपणी गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पोहायला शिकली, मग शहरात जाऊन सरांकडे रीतसर शिकली, आणि आता अशी पोहते की काठावरून बघणाऱ्याला धाप लागावी.

गेल्या पावसाळ्यानंतर नागभीडकडच्या एका मोठ्या तलावात लांब पल्ल्याच्या पोहण्याची चाचणी ठेवली होती. ठरलेल्या वेळेत जो पूर्ण अंतर पार करेल, त्याला समुद्रातल्या मोठ्या स्पर्धेत जायला मिळणार. बाकी सगळे डोळस. सुजाताने नाव दिलं, तर आयोजकांपैकी एकाचा फोन आला. मी समोरच बसलो होतो.

"ताई, आपण जरूर या. आपल्याला जमेल तेवढं पोहा. आम्ही आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहोत."

"शाल कायले जी?" सुजाता म्हणाली. "पाण्यातून निघाल्यावर टॉवेल पुरते मले. तुमी फक्त टाइम लावा. बाकीच्याइले जेवढा, तेवढाच मले."

फोन ठेवल्यावर मात्र ती म्हणाली, "मामा, हे जमलंच पायजे. मी राहून गेली ना, तर पुढच्या साली माह्यासारख्या कोनालेच हे लोक पाण्यात उतरू देनार नाई. नुसत्या शाली वाटत बसतीन."

आता दिसत नसताना एवढ्या मोठ्या पाण्यात दिशा कशी कळते, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. तर शेजारून डोंगा चालतो, डोंग्यात एक माणूस बसतो आणि तो सांगत राहतो: डावी, उजवी, सरळ. पोहणाऱ्याने डोंग्याला हात लावायचा नाही. हात लागला की बाद! सुजाता उजवीकडे तोंड वळवून श्वास घेते, तेव्हाच तिला नीट ऐकू येतं. म्हणून डोंगा तिच्या उजव्या हाताला. नेहमी हे काम सरांच्या मिसेस करतात. आणि नेमका चाचणीच्या तोंडावर त्यांचा घसा बसला. असा बसला की आवाजाच्या जागी नुसती हवा!

सर हवालदिल. दुसरं कोण सांगणार? तिथे मी, छाती काढून, काय म्हणावं?

"सर, हे काम माझं आहे. इतकी वर्षं करतोय काय मी? अडलेल्या माणसाला बरोबर रस्ता दाखवणं! माझा आवाज हजार माणसं बसलेली असताना फक्त नटाच्याच कानात जातो."

"मामा, तिथी पाणी असते, पडदा नाई," सुजाता म्हणाली.

"पोरी, कला ती कलाच!"

आदल्या दिवशी संध्याकाळी सरांनी परीक्षा घेतली. मी काठावर उभा, सुजाता पाण्यातून माझ्याकडे पोहत येणार. मधे सरांनी प्लास्टिकचे नारंगी डबे सोडलेले. मी तिला असं आणलं, असं आणलं, की एकाही डब्याला धक्का नाही! सर खूश. मॅडमनी आवाज नसल्यामुळे टाळ्या वाजवल्या. मी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आलं का लक्षात? काठावर मी तिच्या समोर होतो. अगदी रंगमंचासारखा. डोंग्यात मात्र मी तिच्या शेजारी बसणार होतो, दोघांची तोंडं एकाच दिशेला. एवढा साधा फरक शाळेतल्या पोराच्याही ध्यानात आला असता. पण कलावंताच्या कुठून येणार?

सकाळी तलावावर ही गर्दी! आसपासच्या गावांतली माणसं, काठावर भजी, माइकवर देशभक्तीची गाणी. डोंगा वल्हवायला सोमाभाऊ म्हणून तिथलेच मासेमारी करणारे ढिवर होते. माणूस मोकळा, नाटकांचा शौकीन. मी प्रॉम्प्टर आहे म्हटल्यावर त्यांनी मला नमस्कारच केला. मागून दुसऱ्या बोटीत निरीक्षक साहेब, पांढरी पँट, गळ्यात घड्याळ, हातात चहा.

शिट्टी झाली. सुजाता पाण्यात शिरली आणि सुटलीच.

वळायच्या खुणा म्हणून इथेही नारंगी डबे सोडलेले. पहिला डबा आमच्या थोडा डावीकडे होता. मी आवाज लावला, "उजवी!"

ती उजवीकडे वळली. म्हणजे आमच्या डोंग्याकडे.

"भाऊ, पोट्टी डोंग्यावर येऊन राह्यली!" सोमाभाऊ ओरडले. हात लागला असता तर तिथेच संपलं असतं. त्यांनी वल्हं मारून डोंगा बाजूला घेतला. मी बघतो तर डबा आणखीच डावीकडे गेलेला. म्हटलं, पोरगी ऐकत का नाही? म्हणून जोर लावला, "उजवी! अजून उजवी!"

ती अजून उजवीकडे आली. सोमाभाऊंनी डोंगा अजून उजवीकडे पळवला. आता बघा दृश्य: पुढे आमचा डोंगा जीव घेऊन पळतोय, मागे सुजाता लागलीय, आणि डोंग्यात बसून मी तिला आणखी मागे लागायला सांगतोय!

"थांबा थांबा थांबा!" सोमाभाऊंनी डोक्यालाच हात लावला. "समोर शिंगाडे हायेत! माह्या साळ्यानं लावले हाये ते शिंगाडे!"

लावले होते. आता त्यात डोंगा होता. पाठोपाठ सुजाता आली. वेलात दोन्ही हात अडकलेले, कानावर एक पान.

"मामा, इथी शिंगाडे कुठून आले?"

आता खरं तर इथेच थांबून विचार करायला हवा होता. पण मी काय केलं? मी वाऱ्यावर ढकललं. "वारा हाय ना पोरी! वाऱ्यानं नेलं!"

"वारा?" ती म्हणाली. "मले तर वारा नाई लागून राह्यला."

"वरून लागून राह्यला. तुले खालून नाई समजत."

तिने वेल सोडवले, गालातल्या गालात हसली आणि निघाली. ते हसणं मी बघितलं, पण मला वाटलं माझ्या समजावण्याने समाधान झालं. तुम्हाला काय वाटतं? अहो, त्या हसण्यात पुढचं सगळं होतं! तिने ओळखलं होतं की मामा उलट सांगतोय. पण भर पाण्यात मामाचा पाणउतारा कशाला करायचा, म्हणून तिने मनात ठरवलं की, मामा उजवी म्हणाला की आपण डावीकडे जायचं.

आणि काय सांगू, चमत्कार! मी 'उजवी' म्हणायचो, डबा डावीकडे असायचा, ती डावीकडे जायची, आणि डब्याला बरोबर वळसा! एकामागून एक डबे मागे पडू लागले. पुढे गेलेले दोघे-तिघे तिने गाठले. मी तर डोंग्यात उभाच राहायचा बाकी होतो. सोमाभाऊंना म्हणालो, "बघितलं? सुरुवातीला जरा वेळ लागतो. नटाला पण लागतो. एकदा सूर जुळला की झालं."

सोमाभाऊ वल्हवता वल्हवता हळूच म्हणाले, "भाऊ, एक विचारू का जी? राग नका मानू. तुमी उजवी म्हनता अन् पोट्टी डावीकडं जाते. तिले उजवी-डावी समजत नाई का?"

"काहीतरीच काय! बँकेत आहे ती!"

असं म्हणालो खरा. पण पुढच्या डब्याला स्वतःचेच शब्द जरा कान देऊन ऐकले. डबा डावीकडे. माझ्या तोंडातून निघालं, 'उजवी.' सुजाता डावीकडे गेली.

शिंगाडे आठवले. वारा आठवला. ते हसणं आठवलं!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? 'पोरी, चुकलो, आता बरोबर सांगतो' असं ओरडून मोकळा झाला असता. पण सोमाभाऊ समोर. मागे निरीक्षक साहेब. काठावर अर्धा तालुका. मी म्हटलं, बोभाटा कशाला? गुपचूप सुधारून टाकू. चूक सुधारली म्हणजे झालं की नाही?

नाही झालं! पुढचा डबा डावीकडे. मी नीट विचार करून, जीभ दातात धरून, एकदम बरोबर सांगितलं, "डावी!"

सुजाता मनातल्या मनात उलटं करून, एकदम शिस्तीत, उजवीकडे वळली.

"आली आली आली!" सोमाभाऊंनी डोंगा असा फिरवला की आमचं मागचं टोक थेट निरीक्षक साहेबांच्या बोटीवर. ठक्क! चहा पांढऱ्या पँटवर!

"अहो, काय चाललंय काय?" साहेब ओरडले. "तुम्ही त्यांना मार्ग दाखवताय की आमच्यावर सोडताय?"

"माफ करा साहेब. वारा..."

"कुठला वारा? पान हलत नाहीये!"

इकडे सुजाताने पाण्यात डोकं वर काढून ते 'ठक्क' ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं, अरे, मामा सुधारला वाटतं! तिने ठरवलं, आता जे सांगतील तेच करायचं. आणि इकडे मी ठरवलं, ती उलटं करते ना? मग आपण परत उलट सांगू! दोघंही एकमेकांच्या भल्यासाठी, एकाच क्षणी, एकमेकांना न सांगता बदललो. घरात असा प्रेमळपणा असला की बाहेरच्या शत्रूची गरज नाही.

शेवटचं वळण उजवीकडे होतं. तिथून सरळ काठ. मी ओरडलो, "डावी!" ती डावीकडे गेली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. "डावी! डावी!" ती डावीकडे, अजून डावीकडे, डोंग्यापासून लांब लांब, पार माझ्या आवाजाच्याही पलीकडे. आणि थोड्या वेळाने लांबून तिचा आवाज आला.

"मामाऽऽ! हे काय हाये? माह्या तोंडावर कोनी शिंकून राह्यलं!"

म्हशी होत्या. पाण्यात डुंबायला सोडलेल्या. मधोमध सुजाताची पिवळी टोपी.

सोमाभाऊंनी जीव तोडून डोंगा तिकडे नेला. म्हशींमधून वाट काढत आम्ही जवळ गेलो तर सुजाता जागच्या जागी हातपाय मारत थांबलेली. चेहरा लाल. मागून निरीक्षक साहेबांनी घड्याळ बघून आवाज दिला, "ताई, वेळ फार कमी राहिलाय. थांबायचं असेल तर सांगा, बोटीत घेतो. तुम्ही खूप छान प्रयत्न केलात."

'छान प्रयत्न' ऐकलं आणि तिचे ओठ थरथरले. ही पोरगी लहानपणी पडली, आपटली, कधी रडताना मी बघितली नव्हती. तिच्या शालीवाल्यांना मी आयतं उदाहरण करून देत होतो. आणि तेही ती कमी पडली म्हणून नाही, मी माझा मोठेपणा सांभाळत बसलो म्हणून!

"मामा," ती म्हणाली, "खरं सांगा. तुमी आतापर्यंत कोनाची उजवी सांगून राह्यले?"

मग सांगितलं. सगळं. प्रॉम्प्टरचा आवाज नव्हता तो, चांगला मोकळा, काठापर्यंत जाणारा आवाज होता. "पोरी, मी आधी उलट सांगत होतो! मग सरळ सांगितलं! आता पुन्हा उलट सांगितलं! वारा बिरा काही नव्हता! चूक माझी हाय!"

काठावर माइकवरचं गाणं नेमकं संपलेलं होतं. सगळ्या गावाने ऐकलं.

"मले डोयानं दिसत नाई मामा," सुजाता म्हणाली. "तुमाले कशानं दिसत नाई?"

मी आपले स्वतःचेच कान पकडले.

"आता उजवी-डावी बंद," ती म्हणाली. "डोंगा माह्या पुढं घ्या अन् सरळ काठाकडं न्या. अन् बोलत राहा. काईबी बोला. मी आवाजाच्या मागं येतो."

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अंतर ठेवा, हात लागू देऊ नका, बाकी चालेल." सोमाभाऊंनी डोंगा पुढे काढला. मी फिरून बसलो, तिच्याकडे तोंड करून. आणि मग प्रश्न पडला, बोलायचं काय? आयुष्यात मी स्वतःचं असं कधी काही बोललोच नाही! डोक्यात जे आहे ते दुसऱ्यांचं. मग तेच काढलं. आमच्या कंपनीचं नाटक, तिसरा अंक, पहिल्या वाक्यापासून.

खलनायक झालो, गडगडाटी हसलो. आई झालो, हंबरडा फोडला. पाळण्यातलं मूल झालो. मधेच विनोदी पोलीसपाटील आला, तोही केला. आणि सुजाता? ती आवाजाची सरळ दोरी धरून अशी सुटली की मागे नुसता फेस! एक डोळस गडी मागे टाकला. दुसरा टाकला.

काठ जवळ आला तशा टाळ्या पडू लागल्या. मायलेकरांच्या ताटातुटीचा प्रसंग आला आणि डोंगा एकाएकी संथ झाला. बघतो तर सोमाभाऊ वल्हं मांडीवर ठेवून गमछ्याने डोळे पुसतायत!

"सोमाभाऊ, वल्हवा!"

"मुलगा भेटते का जी तिले शेवटी?"

"भेटतो, भेटतो! वल्हवा!"

तेवढ्यात काठावरून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" आता झाडीपट्टीत वन्स मोर आला की तो द्यावाच लागतो, रक्तातच आहे ते. मी हंबरडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

पाण्यातून एक तोंड वर आलं. "मामा, वन्स मोर घेऊ नका! टाइम!"

मी हंबरडा सोडून थेट शेवटच्या प्रवेशावर उडी मारली. खलनायक मेला, सून सुधारली, मुलगा भेटला, आणि सुजाताचा हात काठाच्या दोरीला लागला. साहेबांनी घड्याळ दाबलं. बघितलं. पुन्हा बघितलं. आणि हात वर केला. वेळेत! अगदी काठावर, पण वेळेत! नाव समुद्राच्या स्पर्धेसाठी पक्कं!

मी रडलो हो. लाजायचं काय त्यात? सोमाभाऊही रडत होते, पण ते बहुतेक नाटकामुळे. आयोजक शाल घेऊन पुढे आले, तर सुजाताने ती घेतली आणि भिजलेले केस पुसून परत दिली.

सर धावत आले. त्यांचं लक्ष घड्याळावर. "सुजाता, शेवटच्या टप्प्यात तू जितकी जोरात पोहलीस ना, तितकी आजवर कधीच पोहली नाहीस! हे झालं कसं?"

मी घसा खाकरला. म्हटलं, सांगावं आता. "सर, कलेची ताकद..."

"हो सर, मामाचंच हाय हे," सुजाता म्हणाली. मी आणखी फुगलो. "मामाले सुरू केलेलं नाटक अर्ध्यात थांबवता येत नाई. काठ लागला तरच ते गप बसनार होते. मंग मी काय करू? सुटली जोरात."

सगळे हसले. मला वाटलं, चला, संपलं. पण सर हसले नाहीत. सर गंभीर माणूस, डोक्यात नुसती स्पर्धा. त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं आणि सुजाताला विचारलं, "मग समुद्रात यांना न्यायचं का?"

"न्याच सर," ती म्हणाली. "पन शेवटच्या टप्प्यालेच बोटीत चढवा. सुरुवातीपासून बसवलं तर मीच निम्म्यात बोटीले हात लावन अन् म्हनन, बाद करा मले."